लेड, लीड आणि गेनूतात्यांचा हात

नारायणगावात पहिला संगणक-वर्ग निघाला, तेव्हा मी तिशीला टेकले होते आणि वर्गातली सगळ्यात थोराड विद्यार्थिनी होते. शिकवणारे सर माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. पडद्यावर दोन ओळींमधलं अंतर कसं वाढवायचं ते दाखवत ते म्हणाले, "ह्याला लीडिंग म्हणायचं. एक ओळ पुढे चालते, दुसरी तिच्या मागे, म्हणून लीडिंग."

मी हात वर केला. "सर, लेडिंग."

"मॅडम, एल, ई, ए, डी. लीड. लीडर कसा, तसं लीडिंग."

"स्पेलिंग तेच आहे, शब्द दुसरा आहे. हे शिशाचं लेड. मी दहा वर्षं रोज तळहातावर तोललंय."

वर्ग हसला. सरांच्याही ओठांवर हसू आलं. "कॉम्प्युटरात शिसं कुठून येणार?" ते म्हणाले. मग मी सांगायला लागले, आणि त्या दिवशीचा उरलेला तास सरांनी नाही, मी घेतला. फुशारकी म्हणा हवं तर. मला ह्या शब्दाबद्दल गप्प बसताच येत नाही. ह्या शब्दापायी एका माणसाचा उजवा हात गेला होता आणि ह्याच शब्दाचा पाठलाग करता करता तो परत आला.

तो हात गेनूतात्यांचा. मढचे गेनूतात्या, जुन्नरच्या आमच्या छापखान्यातले जुळारी. जुळारी म्हणजे खिळे जुळवून मजकूर तयार करणारा. मी बारावी होऊन तिथं लागले, तेव्हा तात्यांच्या हाताखाली दिलं मला. मालक अण्णा पुढच्या टेबलावर बसून प्रूफं तपासायचे, तात्या आत केसपाशी, म्हणजे खिळ्यांच्या खणाखणांच्या पेटीपाशी, आणि ट्रेडल मशीन पायानं चालवायला मी. एवढाच आमचा कारखाना.

छापखान्यात जाणं माझ्या रक्तातच होतं. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, वारूळवाडीत कपडे शिवायचे. मंचरला सभा असो, घोडेगावला मोर्चा असो, दादा तिथून पत्रक आणायचे आणि खळीनं भिंतीला डकवायचे. आमच्या भिंतीला गिलावा नव्हता, पत्रकं होती. मी अक्षरं शाळेत नाही, त्या भिंतीवर शिकले. इतर पोरांची बाराखडी कमळापासून सुरू झाली, माझी 'जाहीर निषेध'पासून. उद्गारचिन्ह हेही एक अक्षरच आहे आणि ते प्रत्येक शब्दानंतर द्यावं लागतं, असं मी दुसरीपर्यंत समजत होते. अजूनही थोडंसं समजते.

आता ज्यांनी खिळ्यांचा छापखाना पाहिला नाही त्यांच्यासाठी. खिळा म्हणजे शिशाची आगकाडीएवढी कांडी, तिच्या टोकाला उलटं अक्षर. मराठीच्या केसला शेकडो खण; कुठल्या खणात कुठलं अक्षर हे डोळ्यांनी नाही, बोटांनी पाठ असावं लागतं. डाव्या हातात स्टिक नावाची लोखंडी पट्टी धरायची, उजव्या हातानं खिळे उचलून तिच्यात उलटे मांडायचे. एक ओळ भरली की दुसरी मांडण्याआधी मध्ये शिशाची पातळ फीत घालायची. ती फीत खिळ्यांपेक्षा बुटकी असते, म्हणून तिला शाई लागत नाही. कागदावर तिची फक्त मोकळी जागा उमटते. वाचणाऱ्याला ती दिसत नाही, पण तिच्यावाचून त्याला वाचताही येत नाही. त्या फितीचं नाव लेड.

पुण्याहून लेडचं पुडकं आलं, त्यावर इंग्रजीत नाव होतं. मी पहिल्याच आठवड्यातली हुशारी दाखवत मोठ्यानं वाचलं, "लीड्स."

"लेड म्हन, लेड," तात्या म्हणाले. "लीड ते विलेक्शनमदलं. तेच्यासाटी येगळी मानसं येत्यात."

"पण तात्या, दोन्हीची अक्षरं एकच आहेत."

"मंग विंग्रजाच्या केसात खिळं कमी पडलं असतील. येकाच खिळ्यांत दोन शबुद भागवलं त्यानं."

पुढे मी पुष्कळ विद्वानांची पुस्तकं चाळली, पण ह्या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर मला कुठं सापडलं नाही.

खिळे कमी पडणं म्हणजे काय, हे आम्हाला चांगलं ठाऊक होतं. आमची केस लग्नपत्रिकांवर पोसलेली. तिच्यात 'श्री' होते शंभरावर आणि 'द्ध' होते अवघे चार. आमच्या समाजातलं पहिलं लग्न माझ्या हाती आलं, तेव्हा पत्रिकेतच 'बुद्ध', 'बौद्ध' धरून पाच 'द्ध' निघाले. पाचव्यासाठी मी अण्णांशी भांडले. अण्णा म्हणाले, "एका अक्षरासाठी पुण्याला माणूस पाठवू?" मी म्हटलं, "चाळीस वर्षं झाली आम्हाला दीक्षा घेऊन. केसला अजून कळलं नसेल तर कळवायला पाहिजे." अण्णांनी मागवले. पन्नास 'द्ध' आले. त्या खणापुढून जाताना मी उगीच त्यात बोट फिरवायची.

आणि 'लीड'वाली माणसं खरंच यायची. एक उमेदवार मतमोजणीच्या आदल्या दिवशी आभाराचं पत्रक जुळवून घ्यायला आला. "किती मतांचं लीड ते मोकळं सोडा, उद्या भरू. पण जागा मोठी ठेवा, आकडा मोठा असणार." तात्यांनी चार आकड्यांची जागा सोडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कुणी फिरकलं नाही. तात्यांनी खिळे एकेक करून खणात परत टाकले आणि म्हणाले, "बरं झालं, पावन्यानं आकडा घातला न्हाई. त्येच्या लीडचं लेड झालं बग, नुसती मोकळी जागा."

शिकवताना तात्यांनी मला जी पहिली युक्ती दिली ती तोंडाची. चुका दुरुस्त करताना डाव्या हातात जुळलेला मजकूर असतो आणि उजव्यात चिमटा. काढलेला चुकीचा खिळा आणि घालायचा बरोबर खिळा ठेवायचा कुठं? ओठांत. "आगं पोरी, देवानं त्वांड काय नुसतं बोलाया दिलंय? तिसरा हात हाय त्यो." तात्या एका वेळी सहा खिळे ओठांत धरून वर माझ्याशी बोलू शकत. जुन्या जुळाऱ्यांची ती ऐट होती. मी चार धरायला शिकले आणि मलाही ऐट आली. शिशाची चव गोडसर असते. संध्याकाळी काम सुटताना अण्णा प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे. शिशाला गूळ मारतो, ही छापखान्यांची पिढीजात समजूत. तो खडा आम्ही तिथल्या तिथं, काळ्याभोर बोटांनी, मिटक्या मारत खायचो.

छापखान्याच्या मागं एक खोली होती. पूर्वी तिथं कागद ठेवत, म्हणून उजेड-वारा येऊ नये अशीच बांधलेली. झिजलेले खिळे तिथं शेगडीवर लोखंडी पळीत वितळवायचे आणि साच्यात ओतून लेडच्या फिती काढायच्या. पूर्वी हे अण्णा स्वतः करत. अण्णांचे गुडघे धरल्यापासून, दोन वर्षं, आठवड्यातून एकदा तात्या करू लागले. उरलेलं शिसं डिंभ्याचा बारकूभाऊ घेऊन जायचा. धरणाच्या पाण्यात मासेमारी करायचा तो. जाळ्याला वजन लागायचं. बदल्यात मासे आणायचा. मला गंमत वाटायची की माझी कालची पत्रकं आज डिंभ्याच्या पाण्यात तळाशी बसलीत. बारकूभाऊ शिशाची पट्टी जाळ्याच्या दोरीवर दाबून बसवायचा, ती दातांनी. हेही मी पाहिलं होतं. पाहून काही कळलं नव्हतं.

तात्यांच्या पोटात कळा यायला लागल्या. दुपारी ते केसला टेकून उभे राहायचे, ओठ आवळून. "वातूळ खाल्लं असंल." मग झोप जायला लागली. मग एक दिवस ते दोन तास उशिरा आले.

अण्णा म्हणाले, "गाडी चुकली?"

"गाडी आली व्हती. थांबली न्हाई."

"हात केला नव्हता?"

"केला की. डायवर माझ्याकडं बगून गेला."

असं तीनदा झालं. माळशेजकडून येणारी ती सकाळची गाडी मढच्या फाट्यावर हात केल्याशिवाय थांबत नसे. अण्णांना वाटलं, तात्या काम टाळतायत. खरं सांगते, मलाही वाटलं. एवढी पत्रकं वाचलेली मी, कष्टकऱ्याच्या बाजूनं घसा कोरडा करणारी, आणि शेजारच्या स्टुलावरचा कष्टकरी खोटं बोलतोय असं मला वाटलं. ह्या लेखातला विजय वाचण्याआधी ही लाज वाचा.

नंतर जत्रेच्या कार्यक्रमाचं पान तयार झालं. तीन दिवसांचं जुळलेलं काम, दोऱ्यानं बांधलेलं. ते उचलून मशीनवर न्यायचं. तात्यांनी उचललं, आणि त्यांचा उजवा पंजा मनगटातून खाली लोंबला. ओल्या फडक्यासारखा. पान जमिनीवर आपटलं, दोरा सुटला आणि हजारो खिळे फरशीवर पसरले. जुळाऱ्यासाठी ह्याहून वाईट काही नसतं. तात्या हाताकडे बघत होते, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा. त्यांनी डाव्या हातानं पंजा सरळ करून धरला. सोडला. पुन्हा लोंबला.

तेव्हा मला गाडी कळली. मढच्या फाट्यावर हा माणूस हात पुढे करायचा आणि पंजा खाली पडायचा. ड्रायव्हरला वाटायचं, म्हातारा 'जा, जा' म्हणतोय.

"वारं गेलं तात्यांच्या अंगावरनं," बाजारपेठ म्हणाली. अण्णा माझ्याशी हळू आवाजात बोलले. "वय झालं त्यांचं. दिवाळीपर्यंत बघू, मग घरी बसू देत. तू सांभाळशील केस."

बढतीच होती ती. मला ती घशाखाली उतरली नाही. तात्या फरशीवर बसून डाव्या हातानं एकेक खिळा टिपत होते. एकदाच म्हणाले, "जुळाऱ्याचा हात गेला, मंग ऱ्हायलं काय पोरी? त्वांड?"

इथं पुन्हा तो शब्द येतो. 'लीड्स'वरून झालेल्या फजितीनंतर मी रद्दीतून एक जाडजूड इंग्रजी कोश पैदा केला होता, शब्दांची कुळं सांगणारा. त्याच्याशेजारी इंग्रजी-मराठीचा बारका कोश ठेवून मी दुपारच्या सुट्टीत एकेक ओळ फोडायची. कोशात एल-ई-ए-डीच्या दोन वेगळ्या नोंदी होत्या, दोन वेगळ्या घराण्यांसारख्या. पहिलं घराणं 'लीड'. त्याचं मूळ प्रवासात. एखाद्याला चालायला लावणं, वाटेनं नेणं, हा त्याचा जुना अर्थ. आमच्याकडे वीज जाते तेव्हा ज्या 'लोड'च्या नावानं आपण बोटं मोडतो, तो 'लोड' ह्याचाच चुलतभाऊ; तोही आधी ओझं नव्हता, वाट होता. वाटेवरून जे वाहून नेतात त्याला पुढं लोड म्हणू लागले. मला हे फार आवडलं होतं. पुढारी म्हणजे उंच खुर्चीवरचा नव्हे, चालायला लावणारा. भिंतीवरच्या पत्रकांतही हेच होतं.

दुसरं घराणं धातूचं, 'लेड'. त्याचं मूळ धूसर. वायव्य युरोपातल्या कुठल्याशा जुन्या लोकांकडून इंग्रजांच्या पूर्वजांनी ते उसनं घेतलं असावं आणि त्याच्या बुडाशी 'वाहणं' असावं, वितळून वाहतो तो. लॅटिनवाल्यांचं नाव तिसरंच, 'प्लुंबुम'. त्यावरून नळ जोडणारा प्लंबर आला, कारण नळ तेव्हा शिशाचे असत. आपल्या गवंड्याचा ओळंबा त्यांच्या शब्दाशी कानाला जुळतो, पण तो नात्यातला नाही. आणि शिसपेन्सिलीत शिसं नसतंच. इंग्रज फसले, त्यांच्या मागं आपण फसलो.

इतकं मी आधी वाचलं होतं आणि खूश होऊन कोश मिटला होता. नोंदीच्या पोटातले बारीक अक्षरातले जोडशब्द वाचलेच नव्हते. पान सांडलं त्या दुपारी, का कोण जाणे, मी ते वाचायला घेतले. कदाचित राग कुठं तरी काढायचा होता. तिथं ओळीनं होतं: शिशानं होणारा पोटशूळ. शिशाची विषबाधा. शिशानं होणारा मनगटाचा लकवा, विशेषतः रंगारी, ओतारी आणि जुळारी यांना.

जुळारी. मी बोट ठेवून तो शब्द तीनदा वाचला. बारक्या कोशात पुन्हा पडताळला. त्या क्षणी माझ्या ओठांत दोन खिळे होते. मी ते थुंकले.

तात्यांना घेऊन मी पुण्याच्या सरकारी दवाखान्यात गेले. जुन्नरहून एसटी, खिडकीपाशी तात्या, मांडीवर तो हात, टॉवेलनं झाकलेला. तिथली डॉक्टर माझ्याच वयाची मुलगी होती. आत्तापर्यंत कुणी न विचारलेला प्रश्न तिनं पहिल्यांदा विचारला.

"आजोबा, काम काय करता?"

"खिळं जुळिवतो, बाई. छापखान्यात."

तिनं त्यांचा ओठ खाली ओढला. हिरडीच्या कडेनं निळसर काळी रेघ होती, टाकानं आखल्यासारखी. रक्त घेतलं. ती म्हणाली, "हात पुढे करा. गाडी थांबवतात तसा. पंजा वर." तात्यांनी केला. पंजा खालीच राहिला. "गूळ खातो बगा आमी रोज, इलाज म्हनून," तात्या चाचरत म्हणाले.

"हात धुऊन?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

अहवाल आला तो तिनं मला समजावला. शिसंच होतं. औषध सुरू केलं. ती म्हणाली, "शिशापासून लांब राहिले तर हात परत येऊ शकतो. शब्द देत नाही. काही महिने जातील. पण पुन्हा त्याच खोलीत गेले तर मात्र नाही." तात्यांना मढला पोचवलं. त्यांच्या सुनेला मनगटाचे व्यायाम दाखवले. आणि मी जुन्नरला आले ती पेटूनच.

अण्णा ऐकेनात. "तीस वर्षं शिशात गेली माझी. मला काय झालं? आणि गूळ देत नाही का मी?"

"तुमच्या गुळानंच जातंय पोटात, अण्णा."

"तू जुळारीण आहेस का डॉक्टरीण?"

मी जुळारीणच होते, म्हणून जुळवायला बसले. दुपारच्या सुट्टीत एक पत्रक जुळवलं, मथळा मोठ्या टाइपात: 'छापखान्यातील कामगारांनो, तोंडातले खिळे थुंका!' उद्गारचिन्ह ह्या वेळी योग्य जागी होतं. खाली लक्षणं, पोटशूळ, हिरडीवरची रेघ, मनगट. आणि शेवटी एक वाक्य: 'आमच्या मालकाला हे सगळं ठाऊक होतं.'

आमच्याकडे एक नियम होता, तो अण्णांनीच घातलेला. प्रूफावर अण्णांची सही झाल्याशिवाय ट्रेडल फिरायची नाही. मग मजकूर आमदाराचा असो की बारशाचा. बाहेर दुसऱ्या छापखान्यात पत्रक छापून आणणं सोपं होतं. पण मला ते माझ्याच केसच्या खिळ्यांनी, ह्याच मशीनवर छापायचं होतं, आणि तेही नियम मोडून नाही. मी प्रूफ काढलं आणि लग्नपत्रिकांच्या प्रूफांच्या गठ्ठ्यात मधोमध ठेवून दिलं.

अण्णांचा एक स्वभाव होता. समोर आलेलं प्रूफ ते न तपासता सोडूच शकत नसत. दुसऱ्याची वर्तमानपत्रंसुद्धा लाल पेन्सिलीनं तपासायचे. तासाभरानं प्रूफ परत आलं. 'पोटशुळ'चा शू दीर्घ केला होता. आणि शेवटच्या वाक्यावर लाल काट मारून समासात लिहिलं होतं: 'ठाऊक नव्हतं. पुरावा?'

सही नव्हती.

मी चरफडत त्यांच्या टेबलापाशी गेले. भिंतीवर दाढीचा छोटा आरसा असायचा, तो काढून त्यांच्यापुढं धरला. "खालचा ओठ ओढा, अण्णा."

"काय पोरखेळ आहे?"

"ओढा."

त्यांनी ओढला. त्यांच्याही हिरड्यांना ती रेघ होती. फिकट, पण होती. अण्णांनी बोटानं ती पुसून पाहिली. मग पोटावर हात ठेवून म्हणाले, "म्हणून ते मागं दुखायचं... मी पित्त समजत होतो."

माझं ते वाक्य खोटं होतं. त्यांना ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक असतं तो स्वतः तीस वर्षं विष खात नाही. मालक म्हटला की तो सगळं जाणूनबुजून करतो, हे मी भिंतीवर वाचलं होतं. ह्या माणसाला मी वाचलंच नव्हतं. मी जागेवर गेले, ती ओळ काढली, आणि तिच्या जागी दुसरी जुळवली: 'आमच्या मालकाने कधी विचारलं नाही. आम्हीही विचारलं नाही.' दुसरं प्रूफ टाकलं.

ते परत आलं तेव्हा त्या ओळीला काट नव्हती. समासात फक्त एवढंच: 'गुळाचं लिहा.' मी लिहिलं: 'आम्हाला रोज गूळ मिळतो. तो आम्ही शिशाच्या हाताने खातो. आधी साबण, मग गूळ.'

तिसरं प्रूफ दिवसभर त्यांच्या टेबलावर पडून होतं. संध्याकाळी परत आलं. खाली, माझ्या मजकुराखाली, अण्णांच्या वळणदार अक्षरात लाल पेन्सिलीनं एक ओळ वाढवली होती: 'या छापखान्यातील मागच्या खोलीतली भट्टी आजपासून बंद. जुळारी गेनू यांची जागा त्यांच्यासाठी राखून ठेवली आहे.' आणि खाली सही.

ती ओळ जुळवताना माझे डोळे भरले आणि दोन वेळा चुकीच्या खणात बोट गेलं. ट्रेडल मी अशी हाणली की शेजारचा कापडवाला बघायला आला. पत्रक जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगावच्या छापखान्यांत गेलं. काहींनी हसून टाकलं, काहींनी मोरीपाशी लावलं. डिंभ्याच्या बारकूभाऊला मी वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आयला! आन् मी दातानं..." त्यानंतर तो पक्कड घेऊन फिरायला लागला. दादांनी एक प्रत आमच्या भिंतीला डकवली, अगदी मधोमध. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रकं लावणारा माणूस, लेकीच्या पत्रकावरून खळीचा हात फिरवून म्हणाला, "मोकळी जागा छान सोडलीस दोन ओळींत."

अण्णांनी मागच्या खोलीला खिडकी पाडली. नळ घेतला. आम्ही बाहेरच्या ओट्यावर जेवायला लागलो. पुढं काही वर्षांनी ट्रेडल गेली, केस गेली, संगणक आला, आणि तो वर्ग, ज्याची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली. तात्या केस जाईपर्यंत कामावर होते. जाताना त्यांनी माझ्यासाठी एकच वस्तू मागून घेतली, 'द्ध'चा एक खिळा. तो माझ्या टेबलावर आहे. लहान पोरांच्या हाती मी तो देत नाही.

पण मला ह्या सगळ्यात जपून ठेवायची आहे ती एकच सकाळ. होळी होऊन गेली होती. जयंतीच्या कार्यक्रमाचं पत्रक जुळवायला मी लवकर आले होते. तात्यांचं स्टूल दवाखान्यापासून रिकामंच होतं. अण्णा प्रूफं बघत होते. नऊला पाच कमी असताना दारात तात्या उभे राहिले, धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, हातात डबा.

अण्णांनी घड्याळाकडे पाहिलं. ह्या माणसाची वेळेवर येण्याची सवय मोडून कितीतरी महिने झाले होते. "आज लवकर? कुणाच्या गाडीवर बसून आलात?"

"कुनाच्या कशाला? यष्टीनं आलो."

"थांबली?"

तात्यांनी डबा डाव्या हातात घेतला. उजवा हात सरळ पुढं केला. पंजा हळूहळू, थरथरत उचलला गेला आणि बोटं छताकडं करून उभा राहिला. त्या मागच्या नव्या खिडकीतून येणारं ऊन त्यांच्या तळहातावर पडलं होतं.

"न थांबून जाती कुटं?" तात्या म्हणाले. "डायवरनं असा बिरेक मारला, अण्णा, आतली मानसं येकमेकांवर पडली."